कचेरीतले दप्तर आणि बाहेरची वाट



अध्यक्षांनी आमची ओळख करून देताना 'संगणकाचे जाणकार' असा शब्द वापरला, तो आम्ही नम्रपणे परत करतो. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके आणि इतरांनी टाकून दिलेली यंत्रे यांच्या संगतीत झाले. तेव्हा आज शास्त्र्याचे प्रवचन अपेक्षू नये. आमच्यापुढे एक अडचण आली, ती सोडविताना आम्ही दोनदा चांगलेच चुकलो, आणि त्यातून जे समजले ते सांगावयाचे आहे.

आमच्या कचेरीत कोपऱ्यात एक संगणक आहे. त्यात सभासदांची यादी, वर्गणीचा हिशेब, कंत्राटी कामगारांची गेल्या आठ वर्षांची पगारपत्रके, हजेरीपटांच्या नकला आणि चालू दाव्यांचे कागद आहेत. एकदा समेट अधिकाऱ्यापुढे सुनावणी होती. कंत्राटदाराच्या माणसाने सांगितले की, हा कामगार त्या महिन्यात आमच्याकडे नव्हताच. आमच्याजवळ त्या महिन्याचे पत्रक होते. पण ते होते चाळीस किलोमीटरवर, कुलूपबंद कचेरीतल्या त्या संगणकात. पुढची तारीख मिळाली ती दोन महिन्यांनी. कामगाराला दोन महिने म्हणजे काय, हे या सभेत कोणास सांगावयास नको. त्या दिवशी एस.टी.तून परत येताना ठरले की, हे दप्तर बाहेरगावाहून पाहता आले पाहिजे.

कोणी म्हणेल, एवढे कशाला? मोठ्या कंपन्यांकडे जागा भाड्याने मिळते, तेथे सगळे ठेवून द्या. पुष्कळ लोक ठेवतात, आणि लग्नाच्या फोटोंसाठी ते ठीकच आहे. पण आमच्या दप्तरात सभासदांची यादी आहे. इंग्लंडात २००९ साली तेथील माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने ड्रॉइटविच या गावी एका खासगी संस्थेच्या कचेरीवर धाड घातली, तेव्हा तीन हजार दोनशेहून अधिक बांधकाम कामगारांची नावे असलेली कार्डे सापडली. मोठमोठ्या बांधकाम कंपन्या पैसे भरून तेथे नावे विचारीत, आणि माणसाला कामावर घ्यावयाचे की नाही ते त्यावरून ठरवीत. कित्येकांचा गुन्हा एवढाच की त्यांनी युनियनचे काम केले होते. ती माणसे वर्षानुवर्षे घरी बसली, आणि आपल्याला काम का मिळत नाही हे त्यांना कळलेही नाही. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने युनियनचे सभासदत्व ही माहिती आजार आणि धर्म यांच्या पंक्तीला बसविली आहे. आपल्याकडच्या २०२३ च्या कायद्यात अशी वेगळी पंगत नाही. तेव्हा यादी जपावयाची ती ज्याची त्याने.

आणि गंमत अशी की, हीच यादी उघडीही ठेवावयाची असते. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने अट घातली होती की, सभासदांची यादी ठेवावी आणि ती पदाधिकाऱ्यांना व सभासदांना पाहावयास मिळण्याची सोय संघटनेच्या नियमांत असावी. आपल्यांना उघडी आणि परक्यांना बंद, हा आमचा जुनाच प्रश्न. संगणकाने तो फक्त नव्या वेषात पुढे आणून ठेवला.

आता मुळात अडचण कोठे आहे ती पाहू. आपण घरून जगातले कोणतेही संकेतस्थळ पाहू शकतो, मग बाहेरून आपल्या घरचा संगणक का दिसत नाही? कारण त्याला जगात पत्ताच नाही. इंटरनेटवरचा जुना पत्ता हा एक आकडा आहे, आणि असे आकडे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटीच आहेत. ही योजना आखली तेव्हा ते पुष्कळ वाटले. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांचे मध्यवर्ती कोठार रिकामे झाले. नवी, लांब आकड्यांची पद्धत निघाली आहे, पण जुनीवाचून अजून सगळीकडे भागत नाही.

पत्ते पुरवून वापरण्याची युक्ती वाड्यासारखी आहे. वाड्याला घरक्रमांक एक, आत बिऱ्हाडे दहा. आतल्या बिऱ्हाडाने बाहेर पत्र धाडले की दारावरचा माणूस नोंद करतो, आणि उत्तर आले की त्याच बिऱ्हाडात पोचवितो. पण न विचारता बाहेरून पत्र आले तर ते कोणाचे हे त्याला ठाऊक नसते. तो ते टाकून देतो. हा दारावरचा माणूस म्हणजे आपल्या घरातला राउटर. हल्ली तर जोडणी देणाऱ्या कंपन्या अख्खी पेठच एका क्रमांकामागे बसवितात. त्यासाठी २०१२ साली पत्त्यांचा एक तुकडा मुद्दाम राखून ठेवला आहे. आपल्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर समजावे की दारावरचा क्रमांक आपला नाही. मग राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी बाहेरून कोणी आत येत नाही. पुष्कळ हौशी मंडळी येथेच रात्र-रात्र घालवितात, म्हणून हे आधी सांगून ठेवले.

आमच्या कचेरीला त्या वेळी खरा पत्ता होता, आणि तेच आमच्या पहिल्या चुकीचे कारण झाले. राउटरमध्ये एक सोय असते: अमुक दारावर बाहेरून कोणी आले तर त्याला सरळ अमुक संगणकाकडे पाठवावे. आम्ही ते दार उघडले, काम झाले, चहा झाला. दुसऱ्या दिवशी संगणकाची नोंदवही पाहिली तर रात्रीत हजारो वेळा कोणी ना कोणी दार ठोठावले होते. 'रूट', 'अॅडमिन', 'टेस्ट' अशी नावे घेऊन पासवर्ड मागून पासवर्ड लावून पाहिले होते. आम्हांला वाटले, मालकाने माणसे लावली! तसे काही नव्हते. ही यंत्रे कोणाशी वैर न धरता जगातल्या प्रत्येक दाराची कडी हलवून पाहत असतात. २०१३ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी असे हत्यार तयार केले की, एका संगणकावरून चांगल्या जोडणीने या सगळ्या कोट्यवधी पत्त्यांचे एक-एक दार पाऊण तासाच्या आत ठोठावून होते. तेव्हा 'आमच्याकडे कोण कशाला येतो' या म्हणण्यात काही अर्थ उरलेला नाही. २०१६ साली मिराई नावाच्या किड्याने असेच दारोदार फिरून, कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललेला नसतो एवढ्या एका भरवशावर, लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले.

आमच्या संगणकाचा पासवर्ड काय होता? संघटनेचे नाव आणि स्थापनेचे साल. तो आम्हीच ठेवला होता. दोष दुसऱ्या कोणाला द्यावा अशी सोय नाही. कोणी आत शिरल्याची नोंद सापडली नाही. दार त्याच सकाळी बंद केले.

मग भुयाराची युक्ती कळली. इंग्रजी शब्द टनेल, पण गडाच्या भुयाराशी त्याचे साम्य थोडेच आहे. फोनचा दाखला अधिक बरा. समजा, एका कचेरीतल्या फोनवर बाहेरून घंटी वाजत नाही, पण आतून बाहेर फोन लावता येतो. तर आतल्या माणसाने सकाळी एका खात्रीच्या माणसाला फोन लावावा आणि रिसीव्हर खाली ठेवूच नये. ज्याला कचेरीशी बोलावयाचे त्याने त्या खात्रीच्या माणसाकडे जावे. तो त्याच चालू फोनवरून निरोप आत देईल आणि उत्तर बाहेर आणील. कचेरीचे एकही दार बाहेरून उघडावे लागत नाही. जोडणी आतून बाहेर झाली. नंतरची जा-ये दोन्ही बाजूंनी.

तो खात्रीचा माणूस म्हणजे कायमचा पत्ता असलेला, महिना काही शे रुपयांनी भाड्याने मिळणारा एक लहानसा सर्व्हर. आणि न ठेवलेला रिसीव्हर म्हणजे एसएसएच. हा प्रोग्राम १९९५ साली फिनलंडमध्ये टाटू युलेनेन यांनी लिहिला. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणी तरी तारेला कान लावून पासवर्ड चोरीत होते, त्यावर उपाय म्हणून. त्यांनी तो लोकांना फुकट दिला. आणि १९९९ पासून ओपनएसएसएच या नावाने त्याची जी खुली आवृत्ती निघाली तीच आज जगभर चालते. यात दोन्ही टोकांमधले बोलणे गुप्त लिपीत होते, आणि ओळख पटविण्यासाठी पासवर्डाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. एक किल्ली उघडी, ती कोणालाही द्यावी. दुसरी खासगी, ती आपल्या यंत्राबाहेर जाऊ देऊ नये. उघड्या किल्लीला कुलूपच म्हणा ना. एकाच किल्लीने उघडणारी शंभर कुलुपे करून गावात वाटली तरी किल्ली आपल्या खिशात आहे तोवर चिंता नाही. ही कल्पना डिफी आणि हेलमन या दोघांनी १९७६ साली प्रसिद्ध केली.

पहिल्यांदा जोडणी करताना एसएसएच एक प्रश्न विचारतो: या यंत्राचा ठसा असा-असा आहे, तुमची ओळख आहे काय? शंभरातले नव्याण्णव लोक न वाचता 'हो' म्हणतात. आम्हीही म्हणत असू. संपाच्या काळात गेटवर अनोळखी माणूस येऊन 'मी अमक्या शाखेचा' म्हणाला, तर आपण त्या शाखेला विचारून घेतो की नाही? तसेच हे आहे. आता आम्ही तो ठसा एकमेकांना फोनवर वाचून दाखवितो. वेळ लागतो एक मिनिट.

आता दुसरी चूक. ती पहिलीपेक्षा मोठी होती, आणि येथे आपण थोडे थांबू.

भुयार तयार झाले. भाड्याच्या सर्व्हरवर ते दार मुळात आतल्या बाजूलाच, म्हणजे त्या सर्व्हरवर आधी ओळख पटवून आलेल्यालाच मिळते. तशीच रचना एसएसएचने करून ठेवली आहे. पण आमच्या तालुका शाखांना किल्ल्यांची कटकट नको होती. 'गेटवेपोर्ट्स' नावाची एक ओळ बदलली की ते दार साऱ्या जगासाठी उघडते, हे आम्ही कोठे तरी वाचले, आणि ती बदलली. मनात हिशेब असा की, पत्रके दाखविणारा आमचा प्रोग्राम पासवर्ड विचारतोच; मग बाहेरचे दार उघडे असले म्हणून काय बिघडले?

आमच्या एका कार्यकर्त्या बाईंची मुलगी तंत्रनिकेतनात शिकते. नवव्या दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, "काका, मी मोबाइलवर तुमचे पान उघडले. मला पासवर्ड विचारलाच नाही. सगळी नावे दिसताहेत."

झाले होते असे. तो प्रोग्राम बसविताना आम्ही सोयीसाठी त्याला सांगून ठेवले होते की, याच संगणकावर बसलेल्या माणसाला पासवर्ड विचारू नकोस; कचेरीत आपलीच माणसे असतात. आणि भुयारातून येणारा मनुष्य भुयाराच्या आतल्या तोंडातून बाहेर पडतो, म्हणजे त्याच संगणकावर! तो दिल्लीहून आला काय किंवा ब्राझीलहून आला काय, प्रोग्रामला तो घरचाच दिसतो. गडाचे सगळे दरवाजे राखावे आणि चोरवाटेने येणारा थेट मुदपाकखान्यात उगवावा, तशातला प्रकार. भुयार म्हणजे सुरक्षितपणा, असा आमचा समज होता. भुयार ही नुसती वाट आहे. वाटेवर चालणाऱ्याचे बोलणे ते झाकते; चालणारा कोण आहे हे ते आपण होऊन विचारीत नाही.

नऊ दिवस चौदाशे माणसांची नावे, खाते आणि पाळीसह, जगापुढे पडून होती. कोणी पाहिली का? सांगता येत नाही. भाड्याच्या सर्व्हरवर नोंदवही सातच दिवसांची राहत होती. पहिले दोन दिवस कोरे. आम्ही कार्यकारिणी बोलावली आणि झाले ते सांगितले. नंतर सर्वसाधारण सभेतही सांगितले. एक जुना सभासद उठून म्हणाला, "पावतीपुस्तक पत्र्याच्या पेटीत होते तेच बरे होते." त्याला त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हते.

त्यानंतर जी रचना केली ती थोडक्यात सांगतो. गेटवेपोर्ट्सची ओळ पूर्ववत केली. पासवर्डाने प्रवेश दोन्ही यंत्रांवर बंद, फक्त किल्ल्या. ज्या फाइलीत चालणाऱ्या किल्ल्या लिहिलेल्या असतात, तीत प्रत्येक किल्लीपुढे ती कोणत्या एकाच दारापुरती चालेल हेही लिहिता येते, तसे लिहिले. प्रोग्रामला सांगितले की घरचा असो वा दारचा, प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड विचार. बाहेरचा माणूस भाड्याच्या सर्व्हरवर उतरत नाही, त्यावरून उडी घेऊन थेट कचेरीच्या संगणकाशी बोलतो. एसएसएचमध्ये यास 'जंप' असेच म्हणतात. लिफाफा कचेरीत फुटतो, मधला हमाल तो नुसता वाहतो. नोंदवही आता वर्षभर ठेवतो.

मधल्या हमालाविषयी दोन शब्द. ही सगळी यातायात वाचवून एका आज्ञेत भुयार देणाऱ्या कंपन्या आहेत. एनग्रॉक आणि क्लाउडफ्लेअर ही नावे आपल्यापैकी काहींनी ऐकली असतील. सोय उत्तम आहे. पण त्यांच्या नेहमीच्या पद्धतीत लिफाफा त्यांच्या नाक्यावर उघडला जातो आणि पुन्हा बंद होऊन आपल्याकडे येतो. ते वाचतात असे आम्ही म्हणत नाही; वाचू शकतात एवढेच म्हणतो. व्याख्यानमालेचे वेळापत्रक जगाला दाखवावयाचे असेल तर खुशाल वापरावे. यादीसाठी आम्ही वापरणार नाही. शिवाय 'पत्ता कोणाला ठाऊक नाही, म्हणून सुरक्षित' ही समजूतही सोडावी. आपल्या नावासाठी सुरक्षा प्रमाणपत्र घेतले की ते नाव जाहीर नोंदवहीत चढते, आणि ती वही यंत्रे रोज वाचतात.

मोबाइलवरून येणाऱ्यांसाठी वायरगार्ड नावाचा दुसरा प्रकार आहे. जेसन डोनेनफेल्ड यांनी तो लिहिला, आणि मार्च २०२० पासून तो लिनक्सच्या गाभ्यात आहे. त्याचा एक गुण आम्हांला फार आवडला: ओळखीची किल्ली नसलेल्याने दार ठोठावले तर तो 'नाही' देखील म्हणत नाही, गप्प बसतो. येथे घर आहे की माळ, हे ठोठावणाऱ्याला कळत नाही. मात्र मधल्या सर्व्हरमार्फत सर्वांना जोडले तर तेथे लिफाफा उघडतो, म्हणून आत दुसरा लिफाफा, एचटीटीपीएसचा, ठेवावा लागतो. आणि वाड्याच्या दारावरचा माणूस विसराळू. थोडा वेळ कोणी बोलले नाही की नोंद खोडतो. यासाठी दर पंचवीस सेकंदांनी 'आहे, आहे' असे म्हणत राहण्याची सोय वायरगार्डात आहे.

कोणी विचारील, हे प्रोग्राम तरी विश्वासाचे कशावरून? मार्च २०२४ मध्ये एक प्रकार उघडकीस आला. एक्सझेड नावाचे एक लहानसे साधन आहे, काही लिनक्स प्रणालींत एसएसएचचा सर्व्हर तेव्हा त्याच्यावर टेकलेला असे. ते साधन एक मनुष्य वर्षानुवर्षे फुकट, एकटा सांभाळीत होता आणि थकला होता. त्याला मदत करावयास एक जण आला, दोन-अडीच वर्षे चोख काम करून त्याने विश्वास मिळविला, आणि मग त्यात चोरदार घातले. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने आत जावयास नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले, आणि तो अर्धा सेकंद त्याने सोडून दिला नाही. म्हणून जग वाचले. आमच्या मनात मात्र तो थकलेला मनुष्य राहिला. ज्याच्या कामावर बड्या-बड्या कंपन्या उभ्या, त्याला पगार नाही, बदली नाही, रजा नाही! तेथे युनियन असती तर, असे मनात आल्याशिवाय राहिले नाही. असो. आम्ही एवढे करतो की, सुधारित आवृत्त्या आल्या की त्या आठवड्यात बसवितो.

किल्ल्यांची एक वही केली आहे, साधी, कागदाची. कोणती किल्ली कोणाची, कोणत्या यंत्रावर, कधी दिली, कधी काढली. एकंदर अकरा किल्ल्या. मोबाइल हरविला तर त्याच दिवशी ओळ खोडतो. त्यात कठीण काही नाही. कठीण निराळेच असते. आमच्या एका शाखेचा चिटणीस, वीस वर्षांचा सोबती, कारखान्यात सुपरवायझर झाला. त्याने पेढे आणले. त्याची किल्ली काढावी हे आम्हां सर्वांना त्याच क्षणी समजले होते, पण तोंडाने कोणी म्हणेना. तीन आठवडे गेले. शेवटी त्यानेच विचारले, "माझी ओळ अजून खोडली नाहीत काय?" वहीत त्याच्या नावापुढे आम्ही ज्या दिवशी खोडले तो खरा दिनांक आहे, मागचा घातलेला नाही.

आता आमच्यापुढे नवा प्रश्न आहे. सभासद म्हणतात, आम्हांला आमचे स्वतःचे पत्रक मोबाइलवर दिसावे. मागणी न्याय्य आहे. पण अकरा किल्ल्या सांभाळणे निराळे आणि चौदाशे सांभाळणे निराळे. त्या तंत्रनिकेतनातल्या मुलीचे म्हणणे असे की, पत्रके एका यंत्रावर आणि यादी दुसऱ्यावर ठेवावी, आणि भुयार फक्त पहिल्याला जोडावे. म्हणजे एक फुटले तरी दुसरे राहील. पत्र्याच्या पेटीवाल्या सभासदाने तिला अनुमोदन दिले आहे. ठराव येत्या रविवारच्या सभेपुढे आहे.